बियांची वही कशी वाचायची? जेफरसनचं फडताळ आणि बफेलो बर्ड वुमनची आठवण

संशोधनाचा विषय घेऊन तुम्ही मार्गदर्शकांकडे गेलात की पहिल्या भेटीतच एक प्रश्न येतो, “साधनं काय आहेत?” मग आपण दप्तरं, मोडी कागद, गॅझेटियर, जुनी वर्तमानपत्रं अशी यादी सांगतो. शेतीचा किंवा अन्नाचा इतिहास करणारा विद्यार्थीसुद्धा महसुलाचे आकडे आणि दुष्काळाचे अहवाल सांगतो. घरातल्या बागेसाठी राखलेलं बी, त्याच्या डब्यावरची चिठ्ठी आणि कुठे, कधी, काय पेरलं याची वही हे साधन आहे असं चटकन कुणाच्या मनात येत नाही.

आजचा लेख या साधनाबद्दल आहे. घरच्या बागेसाठी बी गोळा करणं, ते लावून ठेवणं आणि त्याची नोंद ठेवणं हे काम लोक कसं करत आले, आणि त्या नोंदी इतिहासाच्या विद्यार्थ्याने कशा वाचायच्या, हे आपण दोन उदाहरणांतून बघू. दोन्ही उदाहरणं अमेरिकेतली आहेत. एकात नोंदीचा कागद भरपूर आहे. दुसऱ्यात कागद अजिबात नव्हता, सगळा साठा एका बाईच्या डोक्यात होता. गंमत म्हणजे दोन्ही उदाहरणं एका घेवड्याने जोडलेली आहेत. ते पुढे येईलच.

आधी बी म्हणजे काय ते समजून घेऊ

नाणं, ताम्रपट, पत्र या गोष्टी नीट ठेवल्या तर टिकतात. बियांचं तसं नाही. कांद्याचं बी एकदोन वर्षांत उगवेनासं होतं. वाटाणा, घेवडा तीनचार वर्षं तग धरतात. काकडीचं बी बऱ्यापैकी टिकतं, पण त्यालाही मर्यादा आहेच. म्हणजे बियांचा संग्रह जपायचा तर तो कपाटात बंद करून चालत नाही. दर काही वर्षांनी तो जमिनीत घालावा लागतो, वाढवावा लागतो आणि पुन्हा नवं बी धरावं लागतं. बी हा असा दस्तऐवज आहे की ज्याची दर दोनचार वर्षांनी नवी नक्कल करावी लागते.

आणि नक्कल करताना चुका होतात हे पोथ्यांवर काम करणाऱ्यांना सांगायला नको. मका, भोपळा, काकडी यांचं परागीकरण वाऱ्याने किंवा मधमाश्यांनी होतं. शेजारी दुसरं वाण असेल तर पुढच्या पिढीत मिसळ होते. वाटाणा आणि श्रावणघेवडा यांचं बहुतेक परागीकरण आपल्याच फुलात होत असल्याने ते बरेच शुद्ध राहतात. म्हणून बियांच्या चांगल्या नोंदीत नुसतं नाव असून भागत नाही. हे बी कुणाकडून आलं, कोणत्या वर्षी धरलं, कुठे पेरलं, शेजारी काय होतं आणि त्याचं पुढे काय झालं, एवढं तरी लागतं. नोंद हरवली तर बी अनाम होतं. बी मेलं तर नोंद नुसती यादी उरते. हे मनात ठेवून आता पहिल्या वहीकडे येऊ.

मॉन्टिसेलोचं फडताळ

थॉमस जेफरसन आपल्याला अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष म्हणून माहीत असतो. पण व्हर्जिनियातल्या आपल्या बागेची वही तो राष्ट्राध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधीपासून लिहीत होता. पहिली नोंद ३० मार्च १७६६ ची आहे. जांभळा हायसिंथ फुलायला लागला, एवढीच ती नोंद. तेव्हा तो तेवीस वर्षांचाही झालेला नव्हता. शेवटच्या नोंदी १८२४ च्या आहेत. म्हणजे जवळजवळ ५८ वर्षांचा काळ, अर्थात मधे मोठमोठी भगदाडं आहेत. तो पॅरिसला होता, सरकारी कामात होता, त्या वर्षांत वही कोरी किंवा जवळपास कोरी आहे.

वहीचा स्वभाव बघा. १७६७ मध्ये तो वाटाणा पेरतो आणि सोबत लिहून ठेवतो की ५०० दाण्यांचं वजन किती भरलं आणि एका पाइंटच्या मापात साधारण २५०० दाणे मावतात. पुढच्या वर्षी किती बी लागेल याचा हा हिशेब आहे. १७७४ च्या नोंदींत भाज्यांची नावं चक्क इटालियनमध्ये येतात. लसूण आहे, पण ती तोस्कानाची लसूण म्हणून. त्याच सुमाराला फिलिप माझ्झेई हा इटालियन गृहस्थ शेजारी राहायला आला होता. म्हणजे ज्या माणसांबरोबर बी आलं त्यांच्या भाषेतलं नाव वहीत उतरलं. बियांच्या संग्रहासाठी ही फार चांगली सवय आहे. आपल्या सोयीचं नाव लगेच चिकटवायचं नाही, देणाऱ्याच्या तोंडचं नाव आधी लिहायचं. का ते पुढे कळेल.

१८०९ मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्षपदावरून मोकळा होऊन घरी परतला आणि वहीचं रूप बदललं. आता ओळींच्या जागी रकाने आले. काय पेरलं, कुठे, कधी, कधी उपटून दुसरीकडे लावलं, कधी पानात आलं, कधी संपलं, बी कधी धरलं आणि शेवटी शेरा. या शेऱ्याच्या रकान्यात अपयशही तितक्याच कोरडेपणाने लिहिलं आहे. उगवलं नाही, किड्याने खाल्लं, साधलं नाही. हा माणूस आपल्या वहीत बढाई मारत नाही, हे त्या वहीचं मोल आहे.

रकान्यांची सवय त्याला आधीपासून होती. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष असताना आठ वर्षं त्याने तिथल्या बाजारात कोणती भाजी वर्षात पहिल्यांदा कधी येते आणि शेवटची कधी दिसते याचा तक्ता ठेवला होता. त्यात ३७ जिनसा आहेत.

आणि प्रत्यक्ष बी कुठे असायचं? १८०९ च्या उन्हाळ्यात मार्गारेट बेयार्ड स्मिथ ही त्याच्या ओळखीतली लेखिका मॉन्टिसेलोला पाहुणी म्हणून गेली होती. तिने लिहून ठेवलं आहे की जेफरसनने एक छोटं फडताळ उघडून दाखवलं. आत बागेचं सगळं बी होतं. बारीक बी छोट्या छोट्या काचेच्या कुप्यांत, प्रत्येक कुपीवर चिठ्ठी, आणि कुप्या आकड्यांना टांगलेल्या. वाटाणा, घेवडा असं जाड बी पत्र्याच्या डब्यांत. सगळं नावानिशी आणि टापटीप.

आता फडताळ आणि वही एकत्र ठेवून बघा. कुपीवरची चिठ्ठी सांगते हे काय आहे. वहीतला रकाना सांगतो याचं काय झालं. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे नाव. नाव दोन्हीकडे सारखं असेल तरच संग्रह चालतो. आजच्या बीजपेढीत याच कामासाठी प्रत्येक नमुन्याला क्रमांक देतात. जेफरसनकडे क्रमांक नव्हते, नावांवर भिस्त होती.

हे सगळं किती उपयोगी ठरलं ते विसाव्या शतकात दिसलं. मॉन्टिसेलोची भाजीची बाग कालांतराने मोडून गेली होती. १९७९ पासून तिथे उत्खनन झालं, आणि मातीतल्या खुणा व वहीतल्या नोंदी ताडून पाहत १००० फूट लांबीची ती पायरी पुन्हा उभी केली गेली. १९८७ मध्ये जुन्या वाणांसाठी तिथे वेगळं केंद्रही सुरू झालं. जेफरसनच्या कुप्यांतलं बी केव्हाच मेलेलं होतं. उरली होती ती वही. पण वहीतल्या नावाचं बी आज शोधायचं म्हणजे त्या नावाचं वाण कुठेतरी कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या पेरत आलेलं असायला हवं. काही वाणांच्या बाबतीत ते होतं, काहींच्या बाबतीत नव्हतं, आणि तिथे जवळचं वाण लावून भागवावं लागतं.

‘वाटाणा पेरला’, पण कुणी?

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की केवढा शिस्तीचा माणूस. होताच. आता तीच वही दुसऱ्या बाजूने वाचू.

मराठीत ‘वाटाणा पेरला’ हे वाक्य पूर्ण आहे. कुणी पेरला ते सांगायची गरज पडत नाही. जेफरसनच्या इंग्रजी नोंदीही अशाच आहेत, नुसतं क्रियापद आणि वाफा, कर्ता गायब. डायरीत असं लिहितातच, त्यात वेगळं काही नाही. पण आपण वाचताना त्या रिकाम्या जागी न कळत ‘जेफरसनने’ हा शब्द भरतो. तिथे थांबायचं.

कारण मॉन्टिसेलो ही गुलामांच्या श्रमावर चालणारी मालमत्ता होती. डोंगरउतारावर भराव घालून, दगडी भिंत बांधून ती हजार फुटांची सपाटी तयार केली ती गुलाम मजुरांनी. बागेचं रोजचं काम बघणारा मुख्य माणूस होता वर्मली ह्यूज. जन्म १७८१, जन्मापासून गुलाम. जेफरसनच्या पत्रांत त्याचं नाव येतं, वर्मलीला अमुक लावायला सांगा, तमुक जपायला सांगा, अशा सूचनांमध्ये. म्हणजे वहीत जो कर्ता नाही, तो पत्रात सापडतो. दोन साधनं शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

तिसरं साधन आणखी बोलकं आहे. १८०५ ते १८०८ या काळात घरखर्चाची वही जेफरसनची नात ॲन केरी रँडॉल्फ लिहीत होती. सुरुवातीला ती चौदा वर्षांची होती. या वहीत अंडी, कोंबड्या आणि भाज्या विकत घेतल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या घेतल्या आहेत मॉन्टिसेलोच्याच गुलाम कुटुंबांकडून. इथे मात्र नावं आहेत, कारण पैसे कुणाला दिले ते लिहावंच लागतं.

यातून काय निघतं? एक, या कुटुंबांच्या स्वतःच्या परसबागा होत्या आणि मालकाच्या घरी विकण्याइतकं त्यांत पिकत होतं. दोन, बाग आहे म्हणजे बी आहे, आणि बी आहे म्हणजे ते कुणीतरी निवडत, वाळवत, राखत होतं. दिवसभर दुसऱ्याचं काम करून उरलेल्या वेळात. त्या बियांचं फडताळ कुठे होतं, चिठ्ठ्यांऐवजी कोणत्या खुणा होत्या, कोणाचं बी कोणाकडे जायचं, याची वही नाही. इतिहासात ही जागा रिकामी आहे आणि ती आपल्या कल्पनेने भरता येणार नाही. पण ती रिकामी आहे हे प्रबंधात लिहिता येतं, आणि लिहायलाच हवं.

वर्मली ह्यूजचं पुढे काय झालं तेही सांगतो. ४ जुलै १८२६ ला जेफरसन वारला. त्याची कबर वर्मलीने खणली. जेफरसन कर्ज ठेवून गेला होता, म्हणून जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोवर लिलाव झाला. जाहिरातीत १३० माणसं विक्रीला होती. जेफरसनच्या मुलीने वर्मलीला कामातून मोकळं केलं, पण त्याची बायको अर्सुला आणि मुलं त्या लिलावात विकली गेली.

पुढे १८५० च्या दशकात जेफरसनचा चरित्रकार हेन्री रँडल वर्मलीला भेटला. रँडलचं चरित्र १८५८ मध्ये आलं. त्यात वर्मलीच्या आठवणी आहेत, आणि जेफरसनच्या घोड्यांबद्दल तर भरभरून आहेत. कोणता घोडा किती उंच, रंग कोणता, चाल कशी, स्वभाव कसा. एवढा तपशील ज्याच्या डोक्यात तीसएक वर्षांनंतरही शाबूत होता, त्याच माणसाच्या हाताखालून मॉन्टिसेलोची बाग वर्षानुवर्षं गेली होती. कोणत्या वाफ्यात काय साधतं, कोणतं बी दगा देतं, हे त्याला विचारून सविस्तर लिहून घेतलेलं आपल्याकडे नाही. मुलाखत घेणाऱ्याला ज्यात रस असतो तेच साधन म्हणून मागे उरतं. तोंडी इतिहासावर काम करणाऱ्यांनी आपल्या प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवायला हरकत नाही.

एका घेवड्याचा मागोवा

आता तो घेवडा. जेफरसनच्या १८०९ नंतरच्या नोंदींत ‘रिकारा’ नावाचा घेवडा येतो. हा शब्द म्हणजे आरिकारा, मिसूरी नदीकाठच्या एका मूलनिवासी समाजाचं नाव. जेफरसननेच पाठवलेली लुइस आणि क्लार्कची मोहीम ऑक्टोबर १८०४ मध्ये आरिकारांच्या गावांतून गेली आणि तो हिवाळा तिने आणखी वर, मँडन आणि हिदात्सा लोकांच्या शेजारी काढला. तिथून आलेलं बी फिलाडेल्फियाचा बागवान बर्नार्ड मॅकमहन आणि जेफरसन यांच्याकडे पोचलं. जेफरसनला हा घेवडा इतका आवडला की उत्तम घेवड्यांपैकी हा एक आहे असं त्याने पत्रात कळवलं.

त्याच्या वहीत या वाणाचं कूळ सांगणारा एकच शब्द आहे, ‘रिकारा’. पण त्या शब्दामुळेच आज आपल्याला माग काढता येतो. त्याने ‘मॉन्टिसेलोचा लवकर येणारा घेवडा’ असं काही नाव दिलं असतं तर धागा तिथेच तुटला असता. देणाऱ्याच्या तोंडचं नाव लिहायचं ते याच्यासाठी.

मात्र त्या एका शब्दामागे कोण होतं? ज्या बायकांनी हा घेवडा पिढ्यान्‌पिढ्या निवडला, राखला, त्यांची पद्धत काय होती? जेफरसनच्या वहीत याचं उत्तर नाही. पण त्याच नदीकाठच्या शेजारी समाजातून, शंभर वर्षांनी, एक उत्तर आलं. आणि ते आलं एका पीएच.डी. प्रबंधातून.

जिची वही डोक्यात होती

गिल्बर्ट विल्सन हा ख्रिस्ती पाद्री मिनेसोटा विद्यापीठात मानववंशशास्त्राचा अभ्यास करत होता. नॉर्थ डकोटात त्याची गाठ बफेलो बर्ड वुमन या हिदात्सा बाईशी पडली. तिचा जन्म साधारण १८३९ चा. १८३७ च्या देवीच्या साथीने या नदीकाठच्या समाजांची भयंकर हानी केली होती. वाचलेले हिदात्सा आणि मँडन १८४५ च्या सुमाराला ‘लाइक-अ-फिशहुक’ या नव्या गावी एकत्र राहायला आले, आणि १८६२ मध्ये आरिकाराही तिथे येऊन मिळाले. बफेलो बर्ड वुमन त्याच गावात वाढली, आया-आज्यांच्या हाताखाली शेती शिकली.

विल्सनने तिला शेतीबद्दल विचारलं, आणि ती सांगत गेली. ती हिदात्सात बोलायची, तिचा मुलगा एडवर्ड गुडबर्ड इंग्रजीत सांगायचा, विल्सन लिहून घ्यायचा. १९१७ मध्ये हा प्रबंध छापून आला तो जवळजवळ सगळा तिच्या तोंडी, ‘मी’ आणि ‘आम्ही’ अशा प्रथमपुरुषात. जेफरसनच्या वहीत नसलेला कर्ता इथे प्रत्येक वाक्यात आहे.

तिने सांगितलेला तपशील बघा. त्यांच्याकडे घेवड्याची पाच वाणं होती. काळा, लाल, पांढरा, ठिपक्यांचा, आणि एकावर ढालीसारखी नक्षी. मक्याची वाणं त्याहून जास्त, आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा. बियाण्यासाठी मक्याची चांगली भरलेली कणसं आधीच वेगळी काढायची आणि पेरताना कणसाच्या दोन्ही टोकांचे दाणे सोडून मधलेच घ्यायचे. एक वर्ष बुडालं तरी वाण जाऊ नये म्हणून एकाहून जास्त वर्षांचं बी हाताशी ठेवायचं. साठवण घराजवळ जमिनीत खणलेल्या पेवांत. पेव हा शब्द आपल्याला नवा नाहीच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मिसळीची. ती सांगते की मका ‘प्रवास करतो’ हे त्यांना ठाऊक होतं. पांढऱ्या मक्याच्या शेजारी पिवळा असेल तर एकाचे दाणे दुसऱ्यात दिसायला लागतात. म्हणून वाणं लांब लांब लावायची. आता हे एकट्या बाईला जमणारं काम नाही. शेजारणीच्या शेतात काय आहे ते माहीत हवं, आणि तिनेही ते पाळायला हवं. म्हणजे ही नोंद एका डोक्यात नव्हती, ती अख्ख्या गावाच्या शेतांच्या मांडणीत होती. जेफरसनलाही मिसळीची भीती होती. त्याने एका पत्रात म्हटलंय की प्रत्येक भाजीचं एखाद-दुसरं उत्तम वाण ठेवून बाकीची बागेतून काढून टाकावीत म्हणजे वाण बिघडणार नाही. प्रश्न एकच होता. एकाने वाणं कमी करून तो सोडवला, दुसरीकडे बायकांनी आपसात अंतर राखून वाणं टिकवली.

इथेही सावध राहायचं. ही तिची वही असली तरी ती आपल्याकडे तीन हातांतून आली आहे. तिचं बोलणं, मुलाचं भाषांतर, विल्सनचं संपादन. शिवाय ती बोलली तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती आणि तरुणपणीच्या गावाबद्दल सांगत होती. म्हणून तिचं म्हणणं कमी प्रतीचं साधन ठरत नाही. जेफरसनच्या वहीवरही असे हात फिरलेले आहेतच. त्याचं मूळ हस्तलिखित ६६ पानांचं आहे, आणि १९४४ मध्ये एडविन बेट्स यांनी पत्रं व इतर कागद वर्षवार जोडून छापलेलं पुस्तक सातशे पानांच्या घरात जातं. छापील पुस्तक वाचून ‘जेफरसनने वहीत लिहिलं’ असं म्हणण्याआधी ते वहीत आहे की बेट्सने जोडलेल्या पत्रात, हे बघावंच लागतं.

आणि एक गोष्ट. मिसूरीवर गॅरिसन धरण झालं, १९५३ मध्ये ते पुरं झालं. लाइक-अ-फिशहुक गावाची जागा आणि नदीकाठची ती सुपीक जमीन पाण्याखाली गेली. बफेलो बर्ड वुमन १९३२ मध्येच वारली होती. तिने सांगितलेली शेतं आज बघता येत नाहीत. धरणात गेलेल्या गावांचं आपल्याला वेगळं सांगायला नको. जमीन गेली, माणसं पांगली, तरी कोणतं वाण कसं राखायचं हे त्या प्रबंधात राहिलं. एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने वेळेवर योग्य प्रश्न विचारले म्हणून.

मग आपण काय करायचं?

हे वाचून काहींना आपल्याकडची माणसं आठवली असतील. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवड्यासारख्या भाज्यांची आणि धान्यांची गावठी वाणं जमवली, त्यांची बीजबँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांना शाळा मिळाली नाही, ज्ञान सगळं अनुभवाचं. अशी ओळख फार थोड्यांना मिळते. राख लावून गाडग्यात ठेवलेलं बी, वाळलेल्या दुधीत भरलेलं बी, आढ्याला टांगलेली कणसं, हे कितीतरी घरांत होतं आणि अजून काही घरांत आहे. त्याचं महत्त्व भावनेपुरतं नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी होऊ शकते. तिथेही वाण कुठलं, कुणी राखलं, हे सांगावंच लागतं.

तुमच्यापैकी कुणी या विषयाकडे वळणार असेल तर वरच्या दोन उदाहरणांतून मला पाच गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, समोर वही असेल तर आधी रकाने वाचा, मजकूर नंतर. रकाना म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःला विचारलेला प्रश्न. जेफरसनच्या तक्त्यात ‘पानात कधी आलं’ हा रकाना आहे, ‘कुणी पेरलं’ हा नाही. यातून त्या घराची रचना कळते.

दुसरी, कर्ता नसलेल्या क्रियापदांखाली पेन्सिलने रेघ मारा आणि कर्ता दुसऱ्या साधनांत शोधा. पत्रं, हिशेब, मजुरीच्या नोंदी, लिलावाचे कागद. सापडला नाही तर जागा रिकामी ठेवा. ‘बागेत पेरणी केली जात असे’ अशी गुळगुळीत वाक्यं प्रबंधात लिहू नका, त्याने ती रिकामी जागा झाकली जाते.

तिसरी, नाव ऐकलं तसं लिहा. आजी ‘कडवा वाल’ म्हणाली तर वहीत ‘कडवा वाल’च यायला हवा, शास्त्रीय नाव शेजारच्या रकान्यात. दोन घरांत एकाच बियांना दोन नावं असतील तर दोन्ही ठेवा. एक नाव पुसणं म्हणजे एक वाट बंद करणं.

चौथी, अपयश लिहून घ्या. कोणतं बी उगवलं नाही, कोणतं वाण हातचं गेलं, कोणत्या वर्षी. लोक आपणहून राखलेल्या बियांबद्दल बोलतात, गेलेल्या बियांबद्दल विचारावं लागतं. दुष्काळ, स्थलांतर, मुलीचं लग्न होऊन बी दुसऱ्या गावी जाणं, संकरित बी येणं, हा सगळा इतिहास बहुधा याच उत्तरांत असतो.

पाचवी, तुम्ही स्वतः नमुने जमवणार असाल तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक पुडीला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक वहीत, फोटोला आणि मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणाला द्या. पुडीवर क्रमांक, नाव, कुणी दिलं, कोणतं गाव, कोणत्या हंगामाचं बी, एवढं पुरे. पेन्सिलने लिहा, दमट हवेत शाई पसरते. देणाऱ्याची परवानगी घ्या, आणि पुढे वाण पेरून बी वाढलं तर त्यातलं थोडं परत द्या. बफेलो बर्ड वुमनच्या हिशेबाने एक वर्षाचं बी जवळ असणं म्हणजे वाण जपणं नव्हे. ते जास्त घरांत असेल तर जास्त सुरक्षित.

सुरुवातीला सराव म्हणून एक करून बघा. घरातल्या किंवा शेजारच्या कुणा बाईमाणसाला ‘तुमच्याकडे जुनं बी कोणतं?’ एवढंच विचारू नका. ‘हे तुम्हाला कुणी दिलं, आणि तुम्ही कुणाकुणाला दिलं?’ असं विचारा. उत्तरात जी नावं येतील ती कागदावर मांडा आणि त्यांच्यामधे रेघा ओढा. माहेर, सासर, बाजार, शेजार असा एक नकाशा तयार होईल. तो नकाशा कोणत्याही दप्तरात नाही. आणि तो सांगू शकणारी माणसं आज आहेत, तोवरच तो काढता येईल.